छिद्र बुजलं, पण ठोक्याचं काय? जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांमधला लयबिघाड

सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक बातमी हमखास दिसते: जिल्हा रुग्णालयाच्या शिबिरात बालकांची टू-डी इको तपासणी, दोष सापडलेल्यांवर मोफत हृदयशस्त्रक्रिया. बातमी आनंदाचीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात, म्हणून जतच्या वाडीवरचं किंवा पाटणच्या डोंगरातलं मूलही आज ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतं. हजारात आठ-दहा बाळं हृदयाचा दोष घेऊन जन्मतात, हे लक्षात घेतलं तर हे काम किती मोठं आहे ते कळेल.

पण या बातम्यांमध्ये छिद्र असतं, झडप असते, खर्चाचा आकडा असतो. ठोका नसतो. मूल बरं होऊन घरी येतं, शाळेत जायला लागतं आणि काही वर्षांनी एका संध्याकाळी छाती धडधडते म्हणून रडत येतं. किंवा ऑपरेशननंतर चौथ्याच दिवशी डॉक्टर पेसमेकरबद्दल बोलू लागतात आणि घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. छिद्र तर नीट बुजवलं, मग हे काय नवीन?

या मुलांच्या लयबिघाडावर आज चांगले उपचार आहेत. मात्र ते ठरतात दोन कागदांवर. पहिला म्हणजे ऑपरेशनमध्ये नेमकं काय कापलं आणि काय शिवलं याची नोंद. दुसरा म्हणजे धडधड चालू असताना काढलेला ईसीजी. हे दोन्ही कागद सांभाळणं आई-वडिलांच्या हातात आहे.

ठोका कुठून निघतो, कुठून जातो

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, छताजवळ, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याला सायनस नोड म्हणतात. प्रत्येक ठोक्याची विद्युत लहर इथून निघते, वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते आणि ते आकुंचन पावतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे लहर जाऊ न देणाऱ्या तंतूंचा थर असतो. त्यात खाली उतरायला एकच दार, एव्ही नोड. इथे लहर सेकंदाचा सुमारे दहावा भाग थबकते. तेवढ्यात वरचे कप्पे आपलं रक्त खाली रिकामं करतात. मग हिस बंडल नावाच्या बारीक दोरीतून आणि तिच्या डाव्या-उजव्या फांद्यांतून लहर खालच्या कप्प्यांत जाते, आणि रक्त फुफ्फुसांत व शरीरात ढकललं जातं.

नवजात बाळाचा ठोका साधारण मिनिटाला १२० ते १६०, वर्षाच्या बाळाचा १०० ते १५०, शाळकरी मुलाचा ७० ते ११०. आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो त्यातला चढउतार. निरोगी ठोका रडताना, तापात, पळताना वाढतो आणि झोपेत उतरतो. तासन्‌तास एकाच आकड्यावर अडकलेला ठोका कधीच निरोगी समजू नये, मग तो आकडा फार मोठा नसला तरी. ही गोष्ट पुढे परत लागणार आहे.

जन्मजात दोषात ठोका बिघडतोच का?

काही हृदयांत वाटच जन्मतः वेगळी असते. एबस्टाइन नावाच्या दोषात उजव्या बाजूची झडप खाली सरकलेली असते आणि अशा साधारण पाचातल्या एका मुलाला वरून खाली जाणारी एक जादा विद्युत वाट असते, कधीकधी दोन-तीनही. मुख्य दारानं खाली गेलेली लहर जादा वाटेनं परत वर येते, पुन्हा दारातून खाली, असं चक्र सुरू होतं. दुसऱ्या एका दोषात खालचे दोन कप्पे जन्मतःच अदलाबदल झालेले असतात. त्यात एव्ही नोडची जागा आणि दोरीची लांबी दोन्ही विचित्र असतात आणि ती वाट वयाबरोबर बंद पडण्याचा धोका दरवर्षी शंभरात सुमारे दोन इतका असतो. शरीराचं डावं-उजवंपणच बिघडलेलं असेल तर कुणाला सायनस नोड नसतो, कुणाला एव्ही नोड दोन असतात. अशा मुलाला चाकू लागण्याआधीच लयीचा प्रश्न असतो.

दुसरं कारण ऑपरेशन. खालच्या कप्प्यांमधलं सर्वांत जास्त आढळणारं छिद्र घ्या. त्याच्या मागच्या-खालच्या काठाला अगदी लगटून हिस बंडल जातं. ते डोळ्यांना दिसत नाही. आजूबाजूच्या स्नायूसारखंच गुलाबी. शल्यविशारद त्या काठावर टाके काही मिलिमीटर बाजूला, उथळ घालतात, कारण वाट कुठून जात असणार हे त्यांना पाठ असतं. तरीही कधी सूज त्या दोरीला दाबते, कधी टाका तिला ओढतो.

तिसरं कारण सावकाश काम करतं. गळकी झडप, ताणलेला कप्पा, वर्षानुवर्षं जास्तीचा दाब यांनी स्नायू जाड होतो, त्यात तंतू वाढतात आणि लहर सरळ जाण्याऐवजी अडखळत जाते. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र बालपणी न बुजवता चाळिशीत बुजवलेल्या माणसाचा ठोका पुढेही अनियमित राहू शकतो, तो यामुळेच.

ऑपरेशननंतरचे पहिले दहा दिवस

आयसीयूत मुलाच्या बरगड्यांखालून त्वचेबाहेर आलेल्या बारीक तारा पाहून पालक घाबरतात. त्या तारांचं दुसरं टोक हृदयाच्या पृष्ठभागाला हलकेच टाचलेलं असतं. ठोका मंदावला तर त्या बाहेरच्या तात्पुरत्या पेसमेकरला जोडतात. लय स्थिर झाली की सुटी होण्याआधी हलक्या हातानं ओढून काढतात, वेगळं ऑपरेशन लागत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत एक विशिष्ट जलद लय त्रास देते. एव्ही नोडच्या आसपासचा दुखावलेला भाग सायनस नोडला न जुमानता स्वतःच ठोके सोडू लागतो, लहान बाळात मिनिटाला १७० ते २३० किंवा जास्तही. नुकत्याच शिवलेल्या हृदयाला हा वेग पेलत नाही, रक्तदाब पडतो. इथे शॉकचा उपयोग होत नाही, कारण हे चक्र नाही, चिडलेल्या पेशी आहेत. म्हणून उपचारही शांत करण्याचे असतात: ताप उतरवून अंगाचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणायचं, झोपेचं औषध द्यायचं, रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम भरून काढायचं, ठोका वाढवणारी ॲड्रिनलिनसारखी औषधं शक्य तितकी कमी करायची, आणि लागलं तर अमिओडारोन हे लय आवरणारं औषध. बाळाला गार का ठेवलंय, पांघरूण का घालत नाहीत, यावरून आयसीयूबाहेर बसलेल्या आजीचा जीव वरखाली होतो. तिला हे कारण कुणीतरी आधी सांगायला हवं. ही लय बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप शमते.

उलट प्रकार म्हणजे हार्ट ब्लॉक. वरची लहर खाली पोचतच नाही आणि खालचे कप्पे आपल्या मंद गतीनं, मिनिटाला पन्नास-साठनं, चालतात. याचा रक्तवाहिनीत साचणाऱ्या चरबीशी किंवा अँजिओप्लास्टीशी काहीही संबंध नाही. जन्मजात दोषाच्या शंभर ऑपरेशनमागे साधारण एक ते तीन मुलांत हा ब्लॉक टिकून राहतो. सूज हे कारण असेल तर तो सात ते दहा दिवसांत सुटतो, म्हणून डॉक्टर तेवढे दिवस तात्पुरत्या तारांवर थांबतात. या वाट पाहण्याला चालढकल समजू नये. दहा दिवसांत वाट मोकळी झाली नाही तर मात्र कायमचा पेसमेकर बसवावाच लागतो. घाईनं घरी नेलेल्या अशा मुलाला अचानक मृत्यूचा धोका असतो.

पेसमेकरच्या इतिहासातलं एक मोठं पान याच मुलांमुळे लिहिलं गेलं. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात डॉ. वॉल्टन लिलेहाय १९५४ पासून लहान मुलांच्या हृदयातली छिद्रं उघडून बुजवत होते. ब्लॉक झालेल्या मुलांना ते भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या पेसमेकरला जोडत. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज काही तास गेली आणि त्या व्यवस्थेतला धोका उघडा पडला. त्यांनी अर्ल बाकन या तंत्रज्ञाला बॅटरीवर चालणारं यंत्र बनवायला सांगितलं, आणि काही आठवड्यांत छातीवर अडकवता येईल एवढी डबी तयार झाली. लोडशेडिंग अनुभवलेल्या आपल्याकडच्या माणसाला त्या डबीचं मोल वेगळं सांगायला नको.

"ऑपरेशन होऊन आठ वर्षं झाली, आता धडधड कशी?"

वरच्या कप्प्याला छेद दिला की तिथे व्रण राहतो. व्रणातून लहर जात नाही, त्याला वळसा घालून जाते. देवळातल्या प्रदक्षिणेचा विचार करा. गाभारा मधे, बाहेर आवाराची भिंत आणि दोन्हींच्या मधे फिरायची वाट. व्रण हा गाभारा, झडपेची कड ही बाहेरची भिंत आणि लहर मधल्या वाटेनं गोल फिरत राहते, थांबायचं नावच घेत नाही. गाभाऱ्यापासून आवाराच्या भिंतीपर्यंत एक आडवी भिंत घातली तर प्रदक्षिणा बंद. ॲब्लेशन नावाच्या उपचारात हेच करतात, त्याबद्दल पुढे.

अशा फिरत्या लहरीचा वेग वरच्या कप्प्यात मिनिटाला अडीचशेच्या आसपास असू शकतो, पण एव्ही नोड बहुधा दोनातली एकच लहर खाली सोडतो. त्यामुळे मनगटावर हाताला लागतात सव्वाशे ठोके. इथेच चूक होते. बारा वर्षांच्या मुलाला १२५ ठोके म्हणजे "थोडा ताप असेल, घाबरला असेल" असं म्हणून घरी पाठवलं जातं. चार दिवसांनीही तेच १२५, रात्री गाढ झोपेतही १२५. एकच खालचा कप्पा असलेल्या मुलांवर टप्प्याटप्प्यानं होणारं फाँटन ऑपरेशन, किंवा पूर्वी रक्तवाहिन्यांची अदलाबदल दुरुस्त करताना वरच्या कप्प्यात होणारं सेनिंग ऑपरेशन, यांत वरच्या कप्प्यांवर टाकेच टाके असतात. असं ऑपरेशन झालेल्या मुलाचा विश्रांतीतला एकसुरी जलद ठोका हा दुसरं काही सिद्ध होईपर्यंत लयबिघाडच समजायचा. प्राथमिक केंद्रातल्या आणि खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवावं.

फॅलॉटच्या दोषाची, म्हणजे ज्या निळ्या पडणाऱ्या बाळांचं ऑपरेशन आपल्याकडे वरचेवर होतं त्यांची, गोष्ट वेगळी. त्यांचा व्रण खालच्या उजव्या कप्प्यात असतो, आणि फुफ्फुसाकडची झडप गळत राहिल्यानं तो कप्पा ताणत जातो. तिथून सुरू होणारी जलद लय जिवावर बेतू शकते, आणि ती बहुधा तारुण्यात किंवा त्यानंतर येते. ईसीजीत खालच्या कप्प्याची लाट १८० मिलिसेकंदांपेक्षा रुंद झाली तर धोका वाढल्याचं ते एक चिन्ह मानतात. म्हणून या मुलांचा ईसीजी दरवर्षी काढून मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवून पाहतात.

धडधड चालू असताना काढलेला कागद

तान्ह्या बाळाला धडधड सांगता येत नाही. ते दूध ओढता ओढता थकतं, कपाळाला घाम फुटतो, पांढरं पडतं, किरकिर करतं, श्वास जलद होतो, उलटी होते. अशी जलद लय एक-दोन दिवस लक्षात आली नाही तर हृदय थकून फुफ्फुसांत पाणी भरू लागतं. तान्ह्यात २२० च्या वर आणि मोठ्या मुलात १८० च्या वर, अचानक सुरू झालेला आणि न बदलणारा ठोका असेल तर वेळ घालवायचा नाही.

एवढे जलद ठोके तोंडानं मोजता येत नाहीत. बाळाच्या छातीला कान किंवा स्टेथोस्कोप लावा, दुसऱ्यानं घड्याळ धरावं, आणि प्रत्येक ठोक्याला कागदावर पेनानं एक ठिपका द्या. १५ सेकंदांनी ठिपके मोजून चारनं गुणा.

मग जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन ईसीजी काढायचा. सांगली-मिरज किंवा पुणं गाठायच्या धांदलीत हे राहून जातं. चार तासांनी मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत लय आपोआप सुधारलेली असते, तिथला ईसीजी साधा येतो, आणि तज्ज्ञाच्या हाती काहीच लागत नाही. तेव्हा आटपाडीत काढलेला तो हातभर कागद पुण्यातल्या कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा मोलाचा ठरतो. मूल निळं-पांढरं पडलं असेल, ग्लानीत असेल तर अर्थातच आधी १०८ आणि उपचार, कागद जमेल तसा.

बाराही लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणारा, ईसीजी मागा, शिवाय एका लीडची लांब पट्टी. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. दोन उंच टोकांमध्ये एकच मोठा चौकोन असेल तर ठोके ३००, दीड असेल तर २००, दोन असतील तर १५०, तीन असतील तर १००. एवढं गणित पालकांनाही जमतं. हा कागद उष्णतेवर छापला जातो, उन्हात किंवा प्लास्टिकच्या फाईलमध्ये फिका पडतो आणि लॅमिनेशन केलं तर काळा होतो. म्हणून तिथल्या तिथे मोबाईलवर चांगल्या उजेडात फोटो काढा आणि झेरॉक्स करून घ्या.

इंजेक्शन दिल्यावर ठोका क्षणभर थांबतो, ते कसं?

एव्ही नोडमधून फिरणारं चक्र तोडायला आधी औषधाविना प्रयत्न करतात. तान्ह्याच्या कपाळावर-डोळ्यांवर बर्फ-पाण्याची पिशवी दहा-पंधरा सेकंद ठेवतात, नाक-तोंड मोकळं ठेवून. मोठ्या मुलाला रिकाम्या सिरिंजमध्ये जोरानं फुंकायला लावतात. डोळे दाबण्याचा जुना प्रकार कुणी करू लागला तर थांबवा, डोळ्याला इजा होते.

ते जमलं नाही तर ॲडेनोसिन. हे औषध रक्तात दहा सेकंदही टिकत नाही, त्यामुळे ते कसं दिलं यावर सगळं अवलंबून असतं. हातावरच्या छोट्या शिरेतून सावकाश दिलं तर हृदयापर्यंत पोचण्याआधीच विरून जातं. शक्यतो कोपराच्या शिरेतून, झटक्यात, आणि लगेच पाठोपाठ पाच-दहा मिली सलाईनचा जोराचा फ्लश. पहिला डोस किलोला ०.१ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे मूळ औषधाचे (मिलीत ३ मिलिग्रॅम) जेमतेम ०.२७ मिली. तेवढं तर सिरिंजच्या तोंडाशी आणि तिहेरी नळीतच अडकून राहतं! म्हणून एक मिली औषधात दोन मिली सलाईन मिसळून, मिलीत एक मिलिग्रॅम करून, ०.८ मिली देतात. "ॲडेनोसिन लागू पडलं नाही" अशा कित्येक शेऱ्यांमागे औषधाचा नाही, या पद्धतीचा दोष असतो.

इंजेक्शननंतर मॉनिटरवर काही सेकंद रेषा सपाट होते, मुलाला छातीत दाटल्यासारखं वाटतं, चेहरा लाल होतो. पालकांना हे आधी सांगून ठेवावं. शॉकचं यंत्र शेजारी तयार हवं आणि ईसीजीची पट्टी अखंड चालू हवी, कारण खरी बातमी त्या पट्टीत असते. चक्र एव्ही नोडमधून जात असेल तर ते तिथेच तुटतं. व्रणाभोवतीची प्रदक्षिणा असेल तर ती तुटत नाही, पण खालचे ठोके क्षणभर थांबल्यानं वरच्या कप्प्याच्या जलद लाटा उघड्या दिसतात. इंजेक्शन फुकट गेलं असं वाटतं, प्रत्यक्षात निदान झालेलं असतं. पट्टी बंद असेल तर मात्र दोन्ही गेलं.

मूल शुद्धीवर नसेल, रक्तदाब पडत असेल तर शॉक देतात, ठोक्याशी जुळवून, किलोला अर्धा ते एक ज्यूल, म्हणजे दहा किलोच्या बाळाला पाच ते दहा ज्यूल. जमेल तिथे झोपेचं औषध देऊनच. वरच्या कप्प्याची लय दोन दिवसांहून जास्त बिघडलेली असेल आणि प्रकृती तग धरून असेल, तर शॉकआधी हृदयात रक्ताची गुठळी नाही ना हे अन्ननलिकेतून केलेल्या इकोनं पाहतात. लय सुधारताच ती गुठळी मेंदूकडे सुटू शकते. फाँटन झालेल्या मुलात रक्त मुळातच संथ फिरतं, तिथे दोन दिवसांचीही वाट न पाहता सावध राहतात.

रोजचं औषध: कुठे चुकतं

ठोका मंदावणाऱ्या प्रोप्रानोलोलची दहाची गोळी लिहिलेली असते आणि दुकानात चाळीसची मिळते. पट्टी सारखीच दिसते, डोस चौपट होतो. प्रत्येक वेळी मिलिग्रॅमचा आकडा वाचून घ्या. शिवाय हे औषध घेणारं तान्हं बाळ जुलाबामुळे किंवा तापामुळे पीत-खात नसेल तर त्याच्या रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. अशा दिवशी डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा.

डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधात उपयोगाचा आणि विषारी डोस यांत फार थोडं अंतर असतं. बाटलीसोबतचा ड्रॉपरच वापरा, घरातला चमचा नको. बाळानं डोस उलटला तर दुसरा देऊ नका, आणि चुकलेला डोस भरून काढायला दुप्पट कधीच नाही. अमिओडारोन सुरू झालं की डिगॉक्सिन साधारण निम्मं करावं लागतं. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन औषधं लिहिली तर हे सुटून जातं. अमिओडारोनवर असलेल्या मुलाची थायरॉईड आणि यकृताची तपासणी ठरावीक काळानं लागते आणि त्याला उन्हापासून जपावं लागतं. द्राक्षबागेत दिवसभर आई-वडिलांसोबत असणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे आवर्जून सांगायला हवं.

गावच्या डॉक्टरांना मुलाची औषधांची यादी दाखवल्याशिवाय नवीन औषध घेऊ नका. अझिथ्रोमायसिन, उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन, डॉमपेरिडोन ही एरवी निरुपद्रवी वाटणारी औषधं अमिओडारोन किंवा सोटॅलॉल या लयीच्या औषधांच्या जोडीला गेली की स्वतःच नवी लय बिघडवू शकतात. सर्दीच्या सिरपमधलं नाक मोकळं करणारं औषधही ठोका वाढवतं. लघवीचं औषध घेणाऱ्या मुलाला जुलाब लागले तर पोटॅशियम उतरतं आणि ठोका बिघडतो, त्यामुळे ओआरएस लगेच आणि रक्ततपासणी त्याच दिवशी.

"एकदाच काय ते जाळून टाका ना"

ॲब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयात नेतात, संगणकावर लहरीचा नकाशा काढतात आणि जादा वाट किंवा प्रदक्षिणेचा अरुंद भाग शोधतात. तारेच्या टोकानं तिथली जागा तापवून, साधारण ५० अंशांच्या वर नेऊन, कायमची निकामी करतात. जागा एव्ही नोडच्या अगदी जवळ असेल तर गोठवण्याची पद्धत बरी. आधी उणे ३० अंशांवर चाचणी करता येते, मुख्य वाट अडखळली तर गरम होऊ देऊन मागे फिरता येतं, आणि सगळं ठीक असेल तरच उणे ७०-८० पर्यंत जातात.

मग सगळ्यांनाच का नाही? पंधरा किलोच्या आतल्या मुलाच्या शिरा आणि हृदयाची भिंत इतकी नाजूक असते की औषधांनी भागत असेल तर थांबलेलं बरं. वाढत्या हृदयात जाळलेला डागही मोठा होऊ शकतो. शिवाय रचना साधी असलेल्या हृदयात यशाचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात असलं, तरी अनेकदा शिवलेल्या हृदयात ते कमी असतं आणि धडधड परत येण्याची शक्यता जास्त.

उलट काही मुलांत घाईच योग्य असते. फाँटन ऑपरेशननंतर शिरेतून हृदयाच्या कप्प्यांत जायचा सरळ रस्ताच उरत नाही. एबस्टाइनमध्येही झडप दुरुस्त केल्यावर जादा वाटेपर्यंत पोचणं अवघड होतं. म्हणून जादा वाट आहे की नाही हे अशा ऑपरेशनच्या आधीच तपासून, सापडली तर जाळून, मग शस्त्रक्रियेला पाठवणं शहाणपणाचं. ऑपरेशनची तारीख मिळाली की पालकांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा.

ही सोय असलेली, लहान मुलांचा अनुभव असलेली केंद्रं आपल्याला बहुधा पुणे-मुंबईकडेच सापडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं म्हणून ॲब्लेशन किंवा पेसमेकरची बॅटरी बदलणं आपोआप मंजूर असेल असं धरून चालू नका. भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून मंजुरीची खात्री करून घ्या.

पेसमेकर म्हणजे आयुष्य संपलं का?

लहान बाळात तारा शिरेतून न नेता हृदयाच्या बाहेरून शिवतात आणि डबी पोटाच्या स्नायूंत ठेवतात. कारण बारीक शिर तारेनं बुजते. हृदयात आरपार छिद्र शिल्लक असेल तर तारेवरची गुठळी मेंदूकडे जाऊ शकते, म्हणून अशा मोठ्या मुलातही बाहेरूनच. वाढीसाठी तारेचं एक वेटोळं जास्तीचं ठेवतात, तरीही मूल झपाट्यानं उंच झालं की तार ताणते, कधी तुटते. मुलाला चक्कर येणं, लवकर दमणं, पोटाचा स्नायू ठोक्यागणिक फडफडणं ही त्याची लक्षणं. बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते, मुलांचे ठोके जास्त असल्यानं मोठ्यांपेक्षा लवकर संपते. म्हणजे बालपणी बसवलेल्या पेसमेकरची डबी आयुष्यात अनेकदा बदलावी लागणार, हे पहिल्याच दिवशी समजून घेतलेलं बरं. दर सहा महिन्यांनी यंत्र तपासून घ्यायचं.

शाळा, पळणं, सायकल, डॉक्टरांच्या सल्ल्यानं पोहणंही चालतं. कुस्ती आणि कबड्डी मात्र नाही. आपल्या भागात मुलाला आखाड्यापासून लांब ठेवणं घरच्यांना जड जातं, हे खरं. पण डबीवर बसलेला एक दणका तार तोडू शकतो, आणि ज्या मुलाचा प्रत्येक ठोका त्या तारेवर आहे त्याच्यासाठी तो एक दणका पुरेसा आहे. मोबाईल डबीपासून १५ सेंटिमीटर दूर, स्पीकरचं चुंबक तसंच. वेल्डिंग आणि इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. एमआरआयआधी पेसमेकरचं कार्ड दाखवायचंच, बाहेरून शिवलेल्या तारा बहुधा एमआरआयला चालत नाहीत.

अठरा वर्षांनंतर

बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. व्रणाची लय नेमकी त्यानंतर डोकं वर काढते. मुलगा कारखान्यात किंवा पुण्याला कंपनीत लागतो, बरं वाटतंय म्हणून तपासणी सुटते. मुलीच्या बाबतीत तर लग्न जुळवताना अडचण नको म्हणून फाईलच ट्रंकेत तळाशी जाते, छातीवरचा व्रण लहानपणचा भाजल्याचा म्हणून सांगितला जातो. हे फार धोक्याचं आहे. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, ठोका वाढतो, आणि ज्या हृदयात प्रदक्षिणेची वाट तयार आहे तिथे ती सुरू होण्याची शक्यता याच काळात वाढते. अशा मुलीनं गर्भधारणेच्या आधीच हृदयतज्ज्ञांना भेटायला हवं, काही औषधं बदलावी लागतात. बाळंतपण उपकेंद्रात नव्हे, हृदयतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच ठरवायचं. त्यासाठी आशाताई नाव नोंदवायला येतील त्याच दिवशी ऑपरेशनची नोंद, शेवटचा इको आणि धडधडीचा तो जुना ईसीजी, तिन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवायचे.